हो, देते तर!

जसिंटा टॅलन पाटी घेऊन रस्त्यात उतरली की बसवालेसुद्धा दहा हात अलीकडेच ब्रेक दाबत. शाळेसमोरच्या त्या वळणावर गेली बावीस वर्षं, सकाळी साडेआठ ते साडेनऊ आणि दुपारी पुन्हा तासभर, ती पिवळा कोट घालून आणि लांब दांड्याची गोल पाटी धरून उभी असे. मुलं तिला 'लॉलीपॉप बाई' म्हणत. कोणाच्या बुटाची नाडी सुटली आहे, कोण रडत आलं आहे, कोणाच्या आईने पुन्हा केस रंगवले आहेत, हे सगळं तिला मुलांना रस्ता ओलांडून देता देता दिसे, आणि दिसलं की बोलल्याशिवाय तिला राहवत नसे. एकदा एका मोठ्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. मुलं पलीकडे पोचली तरी जसिंटाने पाटी खाली घेतली नाही. खिडकीपाशी जाऊन म्हणाली, "घाई आहे का राजा? थांब हं, अजून एक कबूतर ओलांडायचंय."

उत्तर डब्लिनच्या त्या भागात तिला ओळखत नाही असा माणूस विरळा. पण तिची एक गोष्ट आता फार थोड्यांना ठाऊक होती. ठाऊक असणारे बरेचसे दफनभूमीत होते, आणि उरलेले त्याविषयी बोलत नसत.

१९८४ साली जसिंटा एकोणीस वर्षांची होती आणि तिचा भाऊ फिंटन सतरा. सेंट कॉल्मन्स या त्यांच्या वस्तीतल्या सरकारी घरांच्या इमारतींत हेरॉइन शिरून तीन वर्षं झाली होती. प्रत्येक मजल्यावर एखादं तरी घर असं होतं, जिथली आई खिडकीत उभी राहून पोराची वाट बघे आणि तो आला की त्याच्या बाह्या वर करून बघे. जसिंटाच्या आईला दोन पोरांच्या बाह्या बघाव्या लागत. त्या ऑक्टोबरात हेस्टर पेल नावाची एक तरुण इंग्रज बाई लंडनहून कॅमेरा घेऊन आली आणि तीन आठवडे राहिली. तिने केलेला माहितीपट, 'चौथा जिना', पुढे खूप गाजला. त्यातलं एक दृश्य ज्याने पाहिलं तो विसरला नाही: जिन्याच्या पायरीवर बसलेली एक मुलगी मोजा काढते आणि स्वतःच्या पावलात सुई खुपसते. तिचा चेहरा अगदी स्वच्छ दिसतो.

माहितीपट पाहून लोक हादरले, वर्तमानपत्रांत पत्रं आली आणि दोन वर्षांनी जवळच एक व्यसनमुक्तीचा दवाखाना उघडला. १९८७ मध्ये फिंटन गेला. त्यानंतर वर्षभराने जसिंटा त्या दवाखान्याची पायरी चढली. आत बसायच्या खोलीत भिंतीवर एक पोस्टर होतं. त्यावर तिचाच चेहरा होता आणि खाली मोठ्या अक्षरांत 'हे तुमचं मूल असू शकतं.' त्यानंतर अकरा महिने ती रोज सकाळी औषधासाठी येऊन बरोबर त्या पोस्टरखालच्या खुर्चीत बसत असे, कारण तेवढ्या एकाच खुर्चीतून ते दिसत नव्हतं. तिला कोणी ओळखलं नाही. त्याचं तिला बरंही वाटे आणि वाईटही.

अशा मुलीची पुढे लॉलीपॉप बाई झाली. मधल्या वर्षांत तिने जिने पुसले, शाळेच्या खानावळीत बटाटे सोलले, एक लेक वाढवली.

सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४ रोजी तिला लंडनहून पत्र आलं. 'चौथा जिना'ला चाळीस वर्षं होत होती. जुनी फिल्म स्वच्छ करून ती टीव्हीवर दाखवणार होते, आणि त्याआधी डब्लिनमध्ये, तिच्याच भागातल्या सभागृहात, एक खेळ ठेवला होता. जसिंटाला सन्माननीय पाहुणी म्हणून आमंत्रण होतं.

संध्याकाळी तिची लेक ग्रॉन्या आली, तेव्हा पत्र चहाच्या डब्याला टेकवून ठेवलेलं होतं. ग्रॉन्या केस कापण्याच्या दुकानात काम करी आणि तिची जीभ कात्रीपेक्षा धारदार होती.

"आई, हे काय बारशाचं आमंत्रण आहे, असं मांडून ठेवायला?"

"'सन्माननीय पाहुणी' लिहिलंय बघ."

"म्हणजे पाहुणीने पायात सुई घालायची, आणि बाकीच्यांनी बिस्किटं खायची."

जसिंटा हसली नाही. "अगं, दीडशे मुलं रोज माझा हात धरून रस्ता ओलांडतात," ती म्हणाली. "त्यांच्या आया बघणार हे. दुसऱ्या दिवशी त्यातली एक जरी पोराचा हात माझ्या हातातून काढून घेणारी निघाली, तर मी तिथे उभी राहायची नाही."

"मग फोन कर त्या बाईला. सांग, काढून टाका म्हणून."

फोनवर हेस्टर पेलचा आवाज म्हातारा झाला होता, पण बोलणं तसंच मऊ होतं. "मला तुमची अडचण समजते, मिसेस टॅलन. पण तुमचा होकार टेपवर आहे. मी स्वतः विचारलं होतं. नोंदवहीतही आहे, 'संमती दिली'. विचारल्याशिवाय मी कधीच कोणाला दाखवलं नाही."

"मिसेस नाही, मिस. आणि मी हो म्हणाले?"

"हो."

फोन ठेवून जसिंटा खिडकीशी गेली. त्या दिवसाचं तिला जवळजवळ काही आठवत नव्हतं. आणि त्या काळात एका सिगारेटसाठी तिने कशालाही हो म्हटलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

"मी हो म्हटलं असेल तर?" तिने लेकीला विचारलं.

"तर काय? एकोणीस वर्षांची पोर, अंगात हुडहुडी भरलेली. त्या 'हो'ला कोण विचारतं?"

"अर्थ नसेल त्याला. पण तो माझाच ना, गं."

तरीही तिने हट्ट धरला की ती टेप तिला ऐकायची आहे. हेस्टरने नाही म्हटलं नाही. मंगळवार, ५ मार्चला दोघी कालव्याजवळच्या एका स्टुडिओत भेटल्या. न वापरलेली जुनी रिळं तिथेच साफ होत होती. यंत्रावर मॅलकी नावाचा साठीकडे झुकलेला डब्लिनकर बसला होता. त्याने जसिंटाला आपली गादीची खुर्ची दिली आणि स्वतः स्टूल घेतलं. हेस्टर उंच, पांढऱ्या केसांची, काठी घेऊन आली होती. दोघींनी हात मिळवले आणि दोघी एकदम हवेविषयी बोलल्या.

मॅलकीने रीळ सुरू केलं. जिना दिसला. फिंटनचा हिरवा स्वेटर घातलेली एक किडकिडीत मुलगी मोजा वर ओढत होती. म्हणजे सुईचं ते होऊन गेलं होतं. पडद्याबाहेरून तरुण हेस्टरचा आवाज आला, "जसिंटा, हे आम्ही लोकांना दाखवणार आहोत. तू परवानगी देशील ना?"

मुलीने मान वर केली. बाहीने नाक पुसलं. मग शेजारी कुठेतरी बघून ती म्हणाली, "हो, देते तर!"

मॅलकी फस्सकन हसला आणि लगेच त्याने तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?" हेस्टरने विचारलं.

"माफ करा. पण बाई, ही नाही म्हणतेय."

"तिने स्पष्ट हो म्हटलंय."

"'हो, देते तर' म्हटलंय. माझी बायको मला म्हणते, 'रविवारी तुझ्या आईकडे येते तर!' चोवीस वर्षं झाली लग्नाला. अजून आलेली नाही."

हेस्टरने जसिंटाकडे पाहिलं. "खरंच?"

"कुठल्याही बसथांब्यावर जाऊन विचार," जसिंटा म्हणाली. तिच्या छातीवरचा दगड एकदम उतरला होता. सगळं गेलेलं असताना, अंगात ताकद नसताना, त्या पोरीने नाही म्हटलं होतं.

"तीन आठवडे मी तुमच्यात राहिले. मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

"तू विचारलं नाहीस. हो ऐकू आलं, तुझं काम झालं."

हेस्टर काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. "त्या दृश्यामुळे दवाखाना उघडला," ती शेवटी म्हणाली. "हे तरी मानाल?"

"मानते ना. तिथेच मी बरी झाले. भिंतीवर माझाच फोटो होता." जसिंटाने पडद्याकडे बोट केलं. "मला त्या दिवसाचं एकच आठवतं. माझा हात थरथरत होता, सुई जागेवर जात नव्हती. तू म्हणालीस, 'जरा उजेडाकडे वळतेस का?' आणि मी वळले."

"आम्हाला शिकवलंच होतं तसं, मध्ये पडायचं नाही. मी तुमचा हात धरला असता, तर ते खरं राहिलं नसतं."

"उजेडाकडे वळवलंस तेव्हा मध्येच पडलीस की."

मॅलकी यंत्र बंद करायचं विसरला होता, म्हणून रीळ तसंच पुढे चाललं होतं. पडद्यावर कॅमेरा कोणीतरी खाली ठेवला असावा. चित्र तिरकं झालं आणि त्यात एक लांब हातापायांचा पोरगा उठून उभा राहिला. त्याने टॉवेल गळ्याभोवती शालीसारखा टाकला, कंबर वाकडी केली आणि मऊसूत इंग्रजी बाईच्या आवाजात म्हणाला, "जसिंटा, लाडके, जरा उजेडाकडे वळतेस का?" पायरीवरची मुलगी भिंतीला डोकं टेकवून खो खो हसत सुटली. "गप रे माकडा, ऐकेल ती!"

जसिंटाकडे फिंटनचा एकच फोटो होता, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशीचा. त्यात तो सात वर्षांचा होता आणि रागावलेला होता. सदतीस वर्षांत तिने त्याला हलताना पाहिलं नव्हतं. त्याचा आवाज तर ती विसरूनच गेली होती. आपण विसरलो आहोत हेही तिला आता, तो ऐकल्यावर कळलं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

मॅलकीने चार वेळा लावलं. चौथ्या वेळी हेस्टर हलक्या आवाजात म्हणाली, "फारच हुबेहूब करतोय माझी नक्कल."

"सगळ्यांचीच करायचा. पाद्रीबाबांची तर त्यांच्या मागोमाग चालत, चर्चच्या फाटकापर्यंत." जसिंटाने डोळे पुसले आणि खुर्ची वळवून तिच्यासमोर घेतली. "ऐक हेस्टर. सुई काढ. आणि तिथे हे घाल. तू विचारतेस, मी नाही म्हणते, तो तुझी नक्कल करतो. सगळं."

"ते दृश्य म्हणजे फिल्मचा कणा आहे. चाळीस वर्षं लोक ती त्यावरूनच ओळखतात."

"मग चाळीस वर्षं पुरे झाली. याचा कणा कर."

"मला लंडनला विचारावं लागेल."

"विचार. पण त्यांचं उत्तर नीट ऐक."

हेस्टर गेली, आणि पाच आठवडे काही कळलं नाही. जसिंटा रोज पाटी घेऊन उभी राही आणि आयांचे चेहरे निरखी. ग्रॉन्या तिला म्हणाली, "आई, तू हल्ली गाडीवाल्यांना बोलत नाहीस. लोकांना वाटेल, आजारी आहेस." एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक कार्ड आलं. त्यावर दोनच वाक्यं होती. 'सुई काढली. बाकीचं येऊन पाहा.'

गुरुवार, १८ एप्रिलला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेतल्या निम्म्या आया आल्या होत्या. जसिंटा मुद्दाम कडेच्या खुर्चीत बसली, वेळ आलीच तर उठून जाता यावं म्हणून. ग्रॉन्याने तिच्या कोटाची बाही धरून ठेवली होती.

चौथा जिना आला. मुलगी आली, मोजा आला. आणि काळोखातून प्रश्न आला, तू परवानगी देशील ना?

"हो, देते तर!"

आधी मागच्या रांगेतून कोणीतरी खुदकलं, आणि मग सगळं सभागृह हसलं. सेंट कॉल्मन्सच्या लेकीने लंडनच्या कॅमेऱ्याला कशी टोपी घातली, ते प्रत्येकाला कळलं होतं. ते हसणं तिच्यावर नव्हतं, तिच्या बाजूने होतं. फिंटन टॉवेल टाकून उभा राहिला तेव्हा पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, हा तर टॅलनचा फिंटन! केवढा गोड होता मेला!" मग हळूहळू शांतता झाली. त्या पडद्यावरच्या जिन्यावरून पुढे कोण कोण खाली उतरलं नाही, ते बहुतेकांना माहीत होतं. जसिंटा कडेच्या खुर्चीत शेवटपर्यंत बसून राहिली.

दाराशी हेस्टर काठी टेकून उभी होती. आया जसिंटाला मिठ्या मारून जात होत्या, त्या संपेपर्यंत ती थांबली.

"उद्या सकाळी तुमच्या वळणावर यावं म्हणते. कॅमेरा नाही आणणार. चालेल?"

"चालेल."

हेस्टर तशीच उभी राहिली, जरा मान तिरकी करून. "त्याच्यापुढे 'तर' नाही ना?"

"नाही गं बाई," जसिंटा म्हणाली. "नुसतंच चालेल."

शुक्रवारी सकाळी धुकं होतं. हेस्टर काळ्या कोटात येऊन झाडाखाली उभी राहिली. बाजूने एक आई दोन मुली घेऊन आली; नेहमीप्रमाणे धाकटीचा हात तिने जसिंटाच्या हातात दिला आणि स्वतः फोनवर बोलत राहिली. जसिंटाने पाटी उचलली, रस्त्यात एक पाऊल टाकलं आणि वळून मागे बघितलं.

"हेस्टर, तिथे झाडाखाली काय उभी राहिलीस? बसवाल्याला दिसायची नाहीस. जरा उजेडाकडे ये."

मग धाकटीला आपल्या कोटाचं टोक धरायला लावून तिने मोकळा झालेला हात हेस्टरपुढे केला, आणि बस थांबली.