काळाचौकीत शिकलेलं क्रियापद

कणकवलीहून निघालेल्या एसटीने मला सकाळी सात वाजता परळला सोडलं. पंधरा वर्षांनी माहेरी राहायला येत होते. "चाळ पडायच्या आत चार दिवस ये गं," असं दादाने स्वतः फोन करून सांगितलं होतं. मी किती हरखले म्हणून सांगू!

काळाचौकीची आमची चाळ अजून उभी होती, पण पुनर्विकासासाठी दारांवर लाल रंगाने नंबर टाकलेले. आईच्या नावावरची दहा बाय बाराची खोली होती तशीच होती. वहिनीने कोंबडी-वडे केले, हिरवी साडी देऊन ओटी भरली. मग दादाने एक इंग्रजी कागद पुढे केला.

"यावर सही लागेल. नुसती फॉर्मॅलिटी आहे. खाली जाऊन तुझ्या आधारची आणि याची झेरॉक्स काढून आण."

भाऊ सांगतो म्हटल्यावर बहीण वाचत बसते होय? उतरले मुकाट्याने.

झेरॉक्सवाल्या काकांनी मात्र कागद वाचला. "ताई, रिलिंक्विश म्हणजे काय, माहितीये?"

"नाही हो."

"आपला हक्क आपणहून सोडणं. कुणी हिसकावून घेतलं, तर हे क्रियापद वापरत नाहीत. राजीखुशीने सोडावं लागतं. ही हक्कसोड आहे, म्हणजे माहेरच्या जागेवर बहिणीने पाणी सोडणं. चाळी पडायला लागल्यापासून रोज कुणाची तरी बहीण येते."

अगं बाई! आई गेल्यावर ती खोली माझीही झाली होती, हेच मला ठाऊक नव्हतं. म्हणून आला होय तो फोन! तशीच जिना चढून वर गेले.

"दादा, मागितलं असतंस तर दिलं असतं रे. पण असं फसवून? ओटी भरून?"

दादा मान खाली घालून म्हणाला, "सगळेच करतात गं."

वहिनी गॅसपाशी थांबली. "मीपण केलेली सही, माझ्या भावांना. मला अर्थ कुणी सांगितला नाही. तेव्हा ओटीत मिळालेली साडी अजून नेसवत नाही. वन्सं, तुम्ही करू नका."

मी कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्याच गाडीने निघाले. पिशवीत सही न केलेला कागद होता. पनवेल गेलं तरी रडू थांबेना. तेवढ्यात दादाचा फोन आला. खूप वेळ वाजू दिला. खोलीचं काय ते पुढे बघू. पण भाऊ सोडायचा, तर तोही मलाच राजीखुशीने सोडावा लागणार होता.

मी फोन उचलला.