ज्यानं बांधलं, त्यानंच सोडायचं

वत्सलाबाई पेठकडच्या डोंगरातली. नवरा सोमा आणि ती दरसाल दिंडोरीला द्राक्षबागेत मजुरीला यायची. सत्त्याहत्तर साली मांडवाच्या तारा ओढताना सोमा पडला, उजवा हात मोडला. बागवाल्यानं नाशकातल्या एका खासगी हॉस्पिटलात आणून टाकलं. डॉक्टरनं प्लास्टर घातलं आणि साहेब लग्नाला पुण्याला गेले. बरं, जा ना बाबा! पण मागं कोणाला सांगून तर जाशील?

संध्याकाळपासून सोमा कण्हायला लागला. बोटं सुजली, मग काळीनिळी पडली. वत्सलाबाई सिस्टरच्या मागं मागं फिरली. सिस्टरचं एकच पालुपद, "डॉक्टर आल्याशिवाय हात लावता येत नाही." शेजारच्या खाटेवरचा भिका म्हणाला, "बाई, तुझी छाटणीची कात्री घे आन् फोड ते." सोमाही विनवण्या करत होता. पण तिनं फोडू दिलं नाही. त्यांच्या डोंगरात मोडलेला हात ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. दुसऱ्याचा हात लागला तर हाड वाकडं बसतं म्हणतात. तिकडं बांधणारा वैद्य रोज सकाळी दारात हजर असतो. इथलाही येईल, अशी तिची भाबडी खात्री. डॉक्टर चौथ्या दिवशी उगवले. हात कोपराखाली कापावा लागला.

मी तेव्हा वकिलांकडे कारकून होतो. तिचा दावा आम्ही लावला. हॉस्पिटलच्या वकिलाचा निर्लज्जपणा बघा! "बाई, बोटं काळी पडलेली दिसत होती, मग प्लास्टर का नाही फोडलंत? चूक तुमची." म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वत्सलाबाई मात्र खाली बघत राहिली. सोमाचा हात आपणच घालवला, हेच तिला आतून खात होतं.

मग डॉक्टर पिंजऱ्यात आले. शपथेवर, छाती पुढं काढून म्हणाले, "मला कोणी कळवलंच नाही. पेशंटचं काय चाललंय, मला माहीतच नव्हतं."

वत्सलाबाई ताडकन उठली. "आयकलं का साहेब? मी रडत व्हते, सिस्टर बघत व्हती, आख्खा वार्ड बघत व्हता, आन् बांधणाऱ्यालाच म्हाईत नाय!"

जज्जसाहेबांनी तिला खाली बसवलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "तुमचं शेवटचं वाक्य पुन्हा सांगा. सावकाश. मी लिहून घेतोय."



त्याच जबाबावर हॉस्पिटल दोषी ठरलं: प्लास्टर घालून गेल्यावर चार दिवस पेशंटकडे बघायची सोयच केली नव्हती, हे खुद्द डॉक्टरांनीच कबूल केलं होतं. निकालादिवशी कोर्टाबाहेर वत्सलाबाई पायरीवर बसून ढसाढसा रडली. सोमानं उरलेला हात तिच्या पाठीवर ठेवला.

"आता तरी पटलं ना?" तो म्हणाला. "तू नाय घालवला."