मायचं पुस्तक शोध

वत्सला गेल्याचा फोन आला तेव्हा मी वांग्याला पाणी देत होतो. पंप बंद करायचंही सुचलं नाही, तसाच निघालो... शाळेत शिकवायची म्हणून आमच्या भातकुली गावात सगळे तिला बाई म्हणत. माझी ती धाकटी बहीण. मी चौथीतून मळ्यात गेलो, ती शिकली. याचं मला कधी वाईट वाटलं नाही, उलट छाती फुगायची.

गावचं वाचनालय तिनंच उभं केलं. आमच्याकडं तेरवीला भांडी वाटायची रीत. माय गेली तेव्हा वत्सला म्हणाली, भांडी नको, मायच्या नावानं वाचनालयाला पुस्तक देऊ. पुढं सारं गावच तसं करू लागलं. लोक पुस्तकाचं नाव सांगतच नाहीत, "माह्या बुढ्याचं पुस्तक द्या," म्हणतात. कोणतं पुस्तक कोणाच्या नावाचं, ते सगळं हिच्या डोक्यात. नजर अधू झाली तशी तिला एकच काळजी लागली... मी गेल्यावर लोकांना त्यांची माणसं कोण काढून देणार?

म्हणून कॉम्प्युटर आला. अमरावतीचे एक साहेब सॉफ्टवेअर दाखवायला आले. पुस्तकाचं नाव, लेखक, नंबर, सगळं टकाटक.

"अन् कोनाच्या नावानं देल्लं, हे कुठं लिवू?"

"आजी, तसा रकाना नसतो यात."

"मंग चाय प्या अन् घेऊन जा तुमचं."

वाचनालयाचे समितीवाले चिडले, बाई हट्टी आहे म्हणाले. आहेच. आमचं रक्तच तसं.

मग अकोल्याचा एक जण आला. त्याच्या सॉफ्टवेअरात आपल्याला पाहिजे तो रकाना वाढवता येत होता. थोडी पुस्तकं भरून पाहिली, तरी हिनं हो म्हटलं नाही. मला मळ्यातून बोलावलं, तसंच चिखलाच्या पायानं.

"दादा, मायचं पुस्तक शोध."

"मले काय समजते त्यातलं?"

"म्हनूनच तुले बलावलं. तुले सापडलं त गावाले सापडन."

एका बोटानं मायचं नाव दाबत गेलो... अन् पडद्यावर पुस्तक आलं, कपाटही आलं. वत्सला त्या माणसाकडं वळली. "हेच ठेवा." तिनं पारख केली ती माझ्या बोटानं, हे मी आजही ताठ मानेनं सांगतो.

तिच्या तेरवीला आम्ही पुस्तकच दिलं. सेक्रेटरी म्हणाला, "काका, मी टाकतो नाव." म्हटलं, "हात नोको लावू." त्या रकान्यात माझ्या बहिणीचं नाव मीच लिहिलं. आता सांजच्याला तिच्या खुर्चीत मी बसतो. परवा शेजारची सून आली. "काका, बाईचं पुस्तक द्या ना." नाव दाबलं... कपाटात नव्हतं. कोणी तरी वाचायला नेलं होतं.

"थांबा लागन," मी म्हटलं. "बाईले मागनी लय हाये."