पाध्येबाईंचे चारशे पंधरा व्होल्ट

यंत्र सुरू होण्याआधीच ते किती व्होल्ट देणार, तो आकडा आमच्या पाध्येबाई खडूने प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहून मोकळ्या व्हायच्या. जयपूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात विद्युत यंत्रं शिकवणाऱ्या बाई मूळच्या नागपूरच्या. मुलं मीटर पाहून उत्तर जुळवायला लागली की त्या कडाडायच्या, "पहले जवाब लिखो, फिर मशीन से पूछो!" त्यांच्या हाताखाली मी नवी लेक्चरर. माझं मराठी इथल्याच जवाहर नगरात वाढलेलं, निम्मं हिंदी. त्यावरून बाई माझी मनसोक्त टर उडवायच्या.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी प्रयोगशाळेतला जुना जनरेटर जळाला. विभागप्रमुखांनी तो भंगारात काढायचं ठरवलं. बाई हटून बसल्या, नव्याने तारा भरून घेऊ म्हणाल्या.

"ठीक है मॅडम," प्रमुख म्हणाले, "एक टेस्ट. चार सौ पंद्रह आया तो रहेगा, नहीं तो उसी दिन ट्रक."

उभी नोकरी बाईंनी त्या जनरेटरवर शिकवण्यात घालवली होती. तारेचे वेढे, चुंबकाची ताकद, फिरण्याचा वेग, सगळं धरून त्यांनी गणित मांडलं. सांगानेरच्या चौथमलजींनी त्याबरहुकूम तारा भरल्या. ते एरवी शेतातल्या पंपांच्या मोटरी भरायचे.

चाचणीच्या सकाळी बाईंनी भिंतीवर ठळक ४१५ लिहिलं. जनरेटर घुमला, मीटरचा काटा चढला आणि दोनशे चाळीसवर ठप्प झाला. प्रमुखांनी ट्रकवाल्याला फोन लावून बोलावूनही घेतलं. मी बाईंकडे धावले.

"बाई, मतलब... गेलं का सगळं?"

"काहून रडते? दोनशे चाळीसला तीनच्या वर्गमुळानं गुण बरं."

मी गुणलं. चारशे पंधरा!

"गणित बरोबर आहे न बाप्पा! जोडणी चुकली."

जनरेटरमध्ये तारांचे तीन संच असतात. त्यांची एकेक टोकं एकत्र बांधली तर चारशे पंधरा मिळतात, टोकाला टोक जोडून त्रिकोण, म्हणजे डेल्टा, केला तर तेच तीनच्या वर्गमुळानं भागून दोनशे चाळीसच. बाई वळल्या. "चौथमलजी, पंपवाला कनेक्शन कर दिया ना?"

चौथमलजींनी जीभ चावली. "हाथ की आदत है मैडमजी. मोटर में तो डेल्टा ही लगावां छां."

यंत्र थांबवून त्यांनी जोडणी बदलली. पुन्हा घरघर सुरू झाली. काटा दोनशे चाळीस ओलांडून तीनशेवर गेला, तिथूनही चढत राहिला आणि थेट चारशे पंधरावर येऊन स्थिरावला. मुलांनी बाकं बडवली. मी तर लाजलज्जा सोडून बाईंना मिठीच मारली.

प्रमुख मीटरकडे बघतच राहिले. "मॅडम, दो सौ चालीस देखकर भी आप डरीं नहीं?"

"डरती क्यों, सर? मशीन झूठ नहीं बोलती. और हिसाब मैंने किया था."

प्रमुखांनी हसून हात जोडले आणि पुन्हा फोन लावला. "भैया, ट्रक खाली ही वापस ले जाओ."