जाणूची काठी आणि आमचं टेकाड

जाणू माझा सख्खा धाकटा भाऊ. सहा वर्षांनी लहान. त्याची ही गोष्ट मीच सांगतो. दुसरा कोणी सांगेल तर मला सांभाळून सांगेल, कारण किन्हवलीकडच्या आमच्या गावात माझ्या तोंडावर मला वाईट बोलणारा माणूस नाय.

मी सातवी पास. गावात पयली मोटारसायकल माझी. धसईच्या बाजारात माझं नाव घ्या, भाताचे व्यापारी उठून खुर्ची देतात. जाणूने चौथीत शाळा सोडली. अंगाने काटकुळा, बोलायचं कमी, नि बोलला तरी समोरच्याच्या पायांकडं बघून. भातसानगरच्या कॉलनीत गवंड्याच्या हाताखाली दोन वर्षं होता. तिथून कमवून आणलं काय, तर गवंड्याची लेव्हलची नळी. पाणी भरून दोन टोकं दोन जागी धरली की कुठली जागा उंच ते कळतं.

त्याला एक खूळ होतं. भादव्यात खाचरं पाण्याने भरली की हा काठी घेऊन बांधाबांधाने वर चढायचा. खालच्या खाचरातलं पाणी नि वरच्या खाचरातलं पाणी, मधे किती वीत फरक, त्याची खूण काठीवर कोयत्याने करायचा. ओढ्यापासून वरच्या पाड्यापर्यंत एकेचाळीस बांध, नि सगळ्यांची बेरीज याच्या डोक्यात. बांध संपून खडक लागला की नळी काढायचा. तसंच त्याने आमचं टेकाडपण मोजलं. लोक हसायचे. सगळ्यात आधी मी हसायचो.

आमचं टेकाड गावाला लागून, एकटंच उभं. वर चढलं की माहुलीचे सुळके समोर. गावात ह्याच्याहून उंच जागा नाय, असं बाप सांगायचा, नि बापाचं ऐकून मी सगळ्या तालुक्याला सांगत आलो. नळाची योजना आली तेव्हा टाकीला जागा मी दिली, फुकट. टाकीवर बापाचं नाव घालायचं ठरलं.

ग्रामसभेत जाणू उठला. जन्मात पयल्यांदा. बोलला, "दादा, वरचा पाडा टेकाडापेक्षा बारा हात वर हाय. टाकीची उंची धरली तरी पाणी पाच हात खालीच राहील."

पाड्यात तीस घरं. बाया ओढ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर पाणी नेतात. त्यांच्यासाठीच हा उठला होता, ते मला कळत होतं. पण बापाचं टेकाड ठेंगणं हाय हे माझा भाऊ भर सभेत बोलला, तेच मला लागलं. मी बोललो, "काठीने डोंगर मोजणारा इंजिनियर शहापूर तालुक्यात हा एकच. पगार देणारा कोण भेटत नाय म्हणून घरी बसलाय."

सभा खदाखदा हसली. जाणू खाली बसला.

पुढं मोजणीचा साहेब आला. मी गावठी कोंबडा कापला. जेवून आमी टेकाडावर गेलो. पाड्याकडचा माळ हळूहळू चढतो, म्हणून सपाट दिसतो. टेकाडावर उभं राहून बघितलं तर पाडा पायाखाली वाटतो. ऊन डोक्यावर होतं. साहेबाने विचारलं, पाड्यावर जाऊन मोजायला लागेल का. मी बोललो, "माझा जन्म इथला हाय, साहेब. पाडा खालीच हाय." त्याने यंत्र पेटीत घातलं. जाणू पेटी उचलायला उभा होता. त्याने ते ऐकलं.

फाल्गुनात नळ सुटला. गावात धो धो पाणी. मी पांढरा शर्ट घालून नारळ फोडला, मंग मोटारसायकलवर पाड्यावर गेलो, तिथलाही मान घ्यायला. बाया सकाळपासून हंड्यांची रांग लावून बसलेल्या. नळ सोडला. फुसफुसला, दोन थेंब टाकले नि गप झाला. तासभर आमी त्या तोटीकडं बघत होतो. शेवटी पाड्यातल्या बारकी नावाच्या म्हातारीने तोटीखाली तळहात धरला नि मला विचारलं, "तुमचं टेकाड उंच ना, भाऊ? मंग पाणी कुठं बसलंय?"

जाणू बायांच्या मागं उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. त्याने एक शब्द टाकला असता तर माझं तोंड काळं झालं असतं, नि ते बरोबर झालं असतं. तो पुढं आला. "नवीन पाइप हाय गो, आये. हवा अडकलीय. उद्या येईल."

जाणू खोटं बोलत नाय हे पाड्याला माहीत. म्हणून त्याचं ऐकलं नि बाया विहिरीकडं उतरल्या. जन्मभर खरं बोललेला माणूस माझ्यापायी खोटं बोलला, नि मी तिथंच उभा राहून ते बोलू दिलं. घरी जाऊन जेवलोपण.

संध्याकाळी त्याच्या ओट्यावर गेलो. तो विळ्याला धार लावत होता. मी विचारलं, "किती बोललेलास तू? बारा हात?"

"बारा नि एक वीत."

एवढंच. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी उलट चार घातल्या असत्या. त्याने मान वर केली नाय. मला तिथं बसवेना नि उठून जाताही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यावर पायी गेलो. मोटारसायकलवर कधी कळलं नव्हतं, चढ चांगलाच हाय. धाप लागली. जाणूच्या शब्दावर हंडे परत रांगेत लागले होते. जाणू तिथंच होता. त्याने माझं कोपर धरलं. "राहू दे, दादा."

मी हात सोडवला नि बायांना सांगितलं, हवा नाय अडकली. पाणी येणार नाय. पाडा वर हाय, आमचं टेकाड खाली. जाणू सभेत खरं बोलला होता, नि साहेबाला वर येऊ दिलं नाय ते मी.

बारकी म्हातारीने विचारलं, "मंग काल का गप होतास?"

बायांनी एकेक करून हंडे उचलले. मी बारकीच्या हंड्याला हात घातला. तिने हंडा दुसऱ्या कमरेवर घेतला नि उतरायला लागली. जाणू तिच्या पुढं चालत होता. मी मोकळ्या हातांनी सगळ्यांच्या मागून ओढ्यापर्यंत उतरलो.