निम्मी गोळी आणि शनिवारची वही

शैलजामॅडमची आणि माझी पहिली भेट मुलाखतीच्या टेबलावर झाली. विद्यापीठाच्या फॅमिली मेडिसिन विभागात व्याख्यात्याची जागा निघाली होती आणि मी आठवडाभर पुस्तकं घोकून गेलो होतो. विभागप्रमुख असलेल्या मॅडमनी मला एकही आजार विचारला नाही. विचारलं ते एवढंच, "पेशंटच्या घरी गेलात तर बसता कुठं?"

"खुर्चीवर," मी म्हणालो.

"आणि खुर्ची नसली तर?"

"मग उभा राहतो." तेव्हा त्या म्हणाल्या, "घरातली माणसं बसली असतील तिथं बसायचं. सोमवारपासून या." खरं सांगतो, मला रागच आला. मी भोरचा, वडील तिथल्याच कोर्टात नोकरीला होते. वेल्ह्याच्या डोंगरातली माणसं लहानपणापासून बाजारात बघितलेली. मला खेडं काय शिकवता, असा माझा तोरा होता. तो कसा उतरला, ते या गौरवग्रंथात सांगायलाच हवं.

मॅडमना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. संपादकांनी मला बजावलं आहे की विभागाच्या गेल्या वर्षातल्या यशाबद्दल लिहा. यश आहेच. वेल्ह्याच्या डोंगरातल्या पासली गावात दर बुधवारी तपासणी सुरू झाली, गावोगावच्या आशाताईंची प्रशिक्षणं झाली, आणि आमच्या एमडीच्या जागांना मान्यता मिळाली. पण या सगळ्याच्या मुळाशी माझी एक घोडचूक आहे. ती गाळून यश तेवढं सांगायला मॅडमनी आम्हांला शिकवलेलं नाही.

आमच्या विभागात शनिवारी दुपारी सगळे मिळून चहा घेतात. त्या वेळी प्रत्येकानं आठवड्यातली आपली एक चूक सांगायची आणि एका जाड वहीत लिहायची, असा रिवाज आहे. सुरुवात मॅडम करतात. 'एका आजोबांचं बोलणं मी मध्येच तोडलं' इथपासून 'माझं निदान साफ चुकलं' इथपर्यंत सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात तिथं आहे. प्रमुखच असं लिहितात म्हटल्यावर बाकीच्यांनी तोंड कुठं लपवायचं? मी मात्र बरेच शनिवार किरकोळ चुका सांगून वेळ मारून नेली.

मग डोंगराखालच्या आमच्या दवाखान्यात हौसाबाई आल्या. पासलीच्या या आजींचं ब्लडप्रेशर काही केल्या उतरेना. "गोळी रोज घेता ना?" असं विचारलं की "व्हय की" म्हणायच्या. मी रोजच्या एका गोळीच्या दोन केल्या. त्यानंतर काही दिवसांनी हौसाबाई भातखाचराच्या बांधावर चक्कर येऊन पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. तपासलं तर प्रेशर पार खाली गेलेलं. इतके दिवस न उतरणारं प्रेशर एकदम इतकं कसं पडलं, माझं डोकंच चालेना.

मॅडम मला घेऊन थेट त्यांच्या घरी गेल्या. जमिनीवर मांडी घालून बसल्या, कोरा चहा घेतला, भाताची चौकशी केली. मग सहज विचारलं, "हौसाबाई, या घरातली गोळी कोण कोण खातं?"

"आता कोन खानार? म्या आन् माजी जाऊ. निम्मी निम्मी. तिला बी बीपी हाय, पन गुडघ्यापायी तिला खाली याया जमत न्हाई. लगीन होऊन आलो तवापासनं आमी समदं निम्मं निम्मंच करतो."

"मग आता काय झालं?"

"जावयानं गाडी करून जाऊला लेकीकडं नेली, कामथडीला. मंग तिचा वाटा बी म्याच खाल्ला. औषिद वाया कशाला घालवायचं?"

मी कागदावरचा आकडा बघून डोस वाढवत होतो आणि इथं दोन बायका एका चिठ्ठीवर जगत होत्या. माझा तोल गेला. "अहो, मग मला सांगायचं नाही का?" मी ओरडलोच.

हौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमी कुठं इचारलं?"

शनिवारी मी सगळं वहीत लिहिलं. त्याखाली मॅडमनी लिहिलं, 'हा प्रश्न मी कुणालाच शिकवला नव्हता. चूक माझीही आहे.' पुढच्याच आठवड्यात जाऊबाई लेकीकडून परतल्यावर त्यांना तपासायला मॅडम पुन्हा डोंगर चढल्या. दोघींना दोन वेगळे डबे दिले आणि 'मलाही बीपी आहे, माझाही असाच डबा आहे,' असं सांगितलं. जाऊबाईंसारखी जी माणसं खाली येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी पासलीचा बुधवार सुरू झाला तो तेव्हापासून.

माझ्या वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मॅडम एसटीनं भोरला आल्या होत्या. वडिलांची चौकशी सगळेच करत होते. मॅडमनी आधी आईला विचारलं, "तुम्ही जेवलात का?" आई नुसती रडली. त्या दिवसापासून मॅडम आमच्या घरच्याच झाल्या.

वर्ष संपत आलं आणि एमडीच्या जागांच्या मान्यतेसाठी तपासणी समिती यायची ठरली. मान्यता मिळाली नाही, तर डोंगरात पाठवायला डॉक्टर उरणार नव्हते आणि पासलीचा बुधवार बंद पडणार होता, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. समितीच्या टेबलावर मॅडमनी सगळ्यांत वर काय ठेवावं? शनिवारची वही!

मी अक्षरशः हात जोडले. "मॅडम, आजच्या दिवस ती कपाटात राहू द्या. त्यात माझं पान आहे."

"माझी तर निम्मी वही आहे," त्या म्हणाल्या. "ती लपवली तर दाखवायला आपल्याकडं उरतं काय?"

मी मनातल्या मनात चिडलो. आता सगळं बुडालं, असंच मला वाटत होतं. समितीतले वयस्कर डॉक्टर वही बराच वेळ वाचत बसले आणि नेमकं माझ्याच पानावर थांबून त्यांनी मला बोलावलं. "यानंतर बदललंत काय?"

मी आमचा नवा केसपेपर पुढं केला. त्यावर पहिलीच ओळ छापली आहे: या घरातली गोळी कोण कोण खातं?

"मग? निघाली का अशी आणखी घरं?"

"विचारायला लागल्यावर बरीच निघाली, सर."

त्यांनी वही मिटली. "आमच्याकडंही निघतील," ते हळूच म्हणाले. पुढं मान्यतेचं पत्र आलं.

पेढे घेऊन आम्ही पासलीला गेलो. हौसाबाईंचं मनगट आता बरं झालं आहे. त्यांनी हातातला पेढा मोडून सवयीनं निम्मा जाऊबाईंना दिला आणि मॅडमकडं निरखून बघितलं. "बाई, चढावर लई दम लागला तुमास्नी. तुमची गोळी खाता न्हवं तुमी?"

"मधेमधे राहते," मॅडम पुटपुटल्या.

"मधेमधे ऱ्हाती म्हंजी निम्मीच की! आन् आमाला शिकिवता व्हय?"

जाऊबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मी मात्र हसू शकलो नाही. इतके दिवस त्यांच्या शेजारच्या खोलीत बसतो, पण मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं. त्या शनिवारी मॅडमनी वहीत लिहिलं, 'समितीच्या धावपळीत स्वतःची गोळी कित्येक दिवस घेतली नाही. हौसाबाईंनी पकडलं.' त्याखाली मी लिहिलं, 'मी विचारलं नव्हतं. चूक माझीही आहे.'

मॅडम, साठीच्या निमित्तानं दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे आणि मीही ते मनापासून चिंततो. निवृत्तीनंतरही बुधवारी पासलीला येण्याचं तुम्ही सगळ्यांदेखत कबूल केलं आहे. तो चढ तुम्ही अजून पुष्कळ वर्षं न थकता चढावा. तुमचं आयुष्य तुम्ही आजवर सगळ्यांना वाटतच आलात, त्याला आमची ना नाही. गोळी तेवढी रोज घ्या आणि पुरी घ्या. दर बुधवारी हौसाबाई विचारतील, आणि त्यांच्या आधी मी विचारीन.