कोनाची व्हय?

वरवट बकालच्या श्रीरामभाऊंनी मला कधी माझ्या नावाने हाक मारली नाही. त्यांच्या फोटो स्टुडिओत कोणीही शिरले की पहिला प्रश्न ठरलेला, "कोनाचा व्हय बे तू?" नाव सांगितले तर हात झटकत. "नावाचं काय घेऊन बसला? एका नावाचे गावात चार जन. कोनाचा ते सांग." मी काशीनाथचा. पन्नाशी जवळ आली तरी त्यांच्यासाठी 'काशीनाथच्या'च राहिलो.

आई गेली तेव्हा घरात तिचा एकही धड फोटो नव्हता. तेरवीला पाटावर ठेवायचे काय? भाऊ म्हणाले, "हाय माह्याजवळ. तुह्या चुलतबहिणीच्या लग्नात बायकांत बसली होती, तवाचा."

तो फोटो भाऊंच्या कॉम्प्युटरमधल्या, नुसत्या फोटोंच्या जुन्या डिस्कवर होता. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येत, म्हणून भाऊंनी कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून घेतले होते. जुनी डिस्क कुरकुरू लागली होती. शेजारी नवी बसवली होती, ती साफ करून आधी सगळ्या लग्नांची नक्कल तिच्यावर घ्यायची, मग आईचा फोटो काढायचा, असे ठरले. लिनक्स डिस्कना ओळीने नावे देते: एसडीए, एसडीबी. नवी ती एसडीबी, हे भाऊंनी पाहून ठेवले. तेवढ्यात लाइट गेली.

सकाळी कॉम्प्युटर सुरू करून भाऊंनी एसडीबी पुसायचा हुकूम दिला. मशीनने विचारले, यात आधीच काही आहे, तरी पुढे जाऊ?

"भाऊ, नवी आहे ना? मग तिच्यात काही कसे असेल?"

"काल तर हेच नवी होती ना बे!"

"काल होती. आज?"

"एका रातीत नाव बदलते काय? डिस्क हाय का भूत?"

मी आकडे पाहिले. दोन्ही डिस्क सारख्याच मापाच्या, त्यावरून कोणती कुठली ते कळेना. भाऊंचे बोट 'हो'च्या बटणावर टेकले होते. ते त्यांनी उचलले आणि निव्वळ सवयीने स्क्रीनलाच विचारले, "कोनाची व्हय बे तू?"

न पुसता एसडीबी उघडली. आत लग्नेच लग्ने. एका फोटोत बायकांच्या ओळीत आई, पदर सावरत, भलतीकडेच बघत. आज जुनीच एसडीबी झाली होती.

नंतर फोनवर एका जाणत्याने सांगितले की सुरू होताना मशीनला जी डिस्क आधी दिसते, तिला पहिले नाव मिळते.

"म्हंजे पंगतच," भाऊ म्हणाले. "आधी आला तो पयल्या पाटावर. नंबर पाटाचा, मानसाचा नाही." मग, "पर जुनी रोज आधी काऊन येत नाही?"



तेरवीनंतर भाऊ ती जुनी डिस्क पिशवीत घालून निघालेले दिसले. भांड्यांवर नाव टाकतात त्या दुकानात.

"भाऊ, त्या सुईच्या ठोक्यांनी मरेल ती!"

"मंग नाव टाकू कुठं?"

नाव डिस्कच्या आतच टाकता येते, आणि ते पाटाबरोबर बदलत नाही, हे आम्हाला त्यानंतर कळले. काय टाकले ते भाऊंनी मला सांगितले नाही.

भाऊ गेले. स्टुडिओ बंद झाला, कॉम्प्युटर माझ्याकडे आला. जुनी डिस्क अजून चालते. एखाद्या दिवशी ती एसडीए असते, एखाद्या दिवशी एसडीबी. माझा गोंधळ कायम आहे. मग मी नाव वाचतो. इंग्रजी अक्षरांत एकच शब्द आहे: श्रीरामची.